पूर्व भाग की जुळे सोलापूर?

पत्र, थोडक्यात: “जूनमध्ये आम्ही लातूरहून सोलापूरला येतोय. माझी नेमणूक अशोक चौकाजवळच्या शाळेत आहे आणि यांची नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात. मुलगी सहा वर्षांची, सासूबाई सोबत. दत्त नगरच्या बाजूला एक घर भाड्याने मिळतंय. तेवढंच घर जुळे सोलापुरात महिन्याला साडेचार हजारांनी महाग आहे. पण नणंदबाई, एजंट, यांचे मित्र, सगळे एकच सांगतात की पूर्व भागात राहू नका. मुलीला संगत चांगली मिळणार नाही, ती तेलुगू बोलायला लागेल, पाहुण्यांना पत्ता सांगताना अवघड होईल. दोन वर्षांनी घर विकतही घ्यायचंय. शहराला खरंच चांगली बाजू आणि वाईट बाजू असते का? जास्तीचे पैसे मोजावेत का?” — एक शिक्षिका, लातूर

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. भाड्याचं घर पूर्व भागातच बघा, अकरा महिन्यांसाठी. विकत घेण्याचा विचार तिथे एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावरच करा. दत्त नगरचं तेच घर घ्या, असं मात्र आम्ही म्हणत नाही. ते घर नीट तपासायला हवं. कसं तपासायचं ते खाली लिहिलंय.

शहराला बाजू असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की त्या पडल्या कशा, आणि आज त्यातलं तुमच्या घराला लागू काय होतं. सोलापुरात रेल्वे १८६० साली आली. स्टेशनच्या आसपास रेल्वे लाइन्स, सात रस्त्याकडे साहेबांचे बंगले आणि कचेऱ्या, जवळच लष्कर. रुंद रस्ते, मोठे प्लॉट, झाडं तिकडे गेली. पुढे साहेब गेले, पण वकील, डॉक्टर, अधिकारी यांची घरं त्याच दिशेने होटगी रोड, विजापूर रोडकडे सरकत राहिली. रुळांच्या दक्षिणेला जुळे सोलापूर वाढलं ते याच ओघात. पूर्वेला मात्र तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून आलेले पद्मशाली विणकर वसले. साखर पेठ, भवानी पेठ, जोडभावी पेठ, कन्ना चौक, अशोक चौक. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, बायका घरी विड्या वळू लागल्या. काम घरातच असल्यामुळे वस्ती कामापासून कधी सुटी झाली नाही. गल्ल्या अरुंद राहिल्या, माणसं दाट राहिली आणि आवाज कायमचा मुक्कामाला आला. सोलापूरची चादर आणि टॉवेल जगभर गेले ते या गल्ल्यांतून.

इंग्लंडमधल्या सत्तर शहरांचा एक अभ्यास या विषयात नेहमी पुढे केला जातो. तिथे वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे गिरण्यांचा धूर पूर्वेला जायचा. ज्यांना परवडलं ते पश्चिमेला गेले, बाकीचे पूर्वेला राहिले. धूर थांबल्याला अर्धशतक उलटलं तरी तिथली पूर्व बाजू गरीबच आहे. सोलापूरला हे जसंच्या तसं लावू नका. इथला वारा पावसाळ्यात पश्चिम-नैऋत्येचा असतो आणि हिवाळ्यात उलट ईशान्येकडून येतो. शिवाय १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल मुरारजी पेठेतली, म्हणजे गावाच्या पश्चिम अंगाची. गिरणी कामगारांच्या चाळीही तिकडेच, भैय्या चौकाच्या बाजूला होत्या. तिथेही कामगारच राहत होते, तिथेही दाटीच होती. तरी ‘पश्चिम भाग’ म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. मग पूर्वेलाच का? आमच्या मते गरिबीइतकाच, कदाचित तिच्यापेक्षा जास्त, तो भाषेचा प्रश्न होता. पूर्वेची माणसं घरात तेलुगू बोलत होती, त्यांचे सण-उत्सव वेगळे होते, लग्नं आपसात होत होती. बाकीच्या गावाचं तिकडे कामाशिवाय जाणं नव्हतं. जिथे जाणं नसतं, तिथल्याबद्दल ऐकीव गोष्टीच चालतात.

कधी कधी बाजू सरकारही पाडतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, आणि पुढे सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून त्यांची हजेरी घेतली. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. त्या वस्तीचं ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र आजही पत्त्यात आहे, आणि तिथल्या मुलाला नोकरीच्या अर्जावर तो पत्ता लिहिताना काय वाटतं ते तोच जाणतो. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून हे मुद्दाम लिहिलं. वर्गात ‘कुठून येतोस रे’ हा प्रश्न चारचौघांत विचारू नका.

बाजू टिकते कशी, हे थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली पटावर दोन प्रकारची नाणी मांडून दाखवलं. प्रत्येक नाण्याची अपेक्षा माफक होती. सगळे शेजारी आपल्यासारखेच हवेत असं नाही, फक्त आपण अगदी एकटे पडू नये. जे नाणं एकटं पडलं ते हलवायचं, एवढाच नियम. थोड्या चाली झाल्या की पट आपोआप दोन रंगांत फाटायचा. तुमच्या नणंदबाई, एजंट, यजमानांचे मित्र यांच्यातलं कुणीही वाईट मनाचं नसेल. पण प्रत्येक जण एक नाणं पुढे सरकवतोय. जो कमावता झाला तो पूर्व भागातून होटगी रोडला जातो, त्याच्यामागे दवाखाना जातो, चांगली बेकरी जाते, मग बँकेची शाखा. उरलेल्या गल्लीत रस्त्याच्या खड्ड्यासाठी महापालिकेत खेटे घालणारं माणूस उरत नाही. शिक्का खोटा असला तरी त्याचे परिणाम खरे असतात, ते असे.

आता तुमचा हिशेब. तुम्हा दोघांचंही काम पूर्वेला. जुळे सोलापुरातून अशोक चौक साधारण सहा किलोमीटर धरा, येऊन-जाऊन बारा. एमआयडीसी त्याहून लांब, पण तेवढंच धरलं तरी दोन गाड्यांचे रोजचे चोवीस किलोमीटर, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे सहाशे. स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते असं मानलं तर तेरा लिटरच्या वर पेट्रोल. म्हणजे तेराशे-चौदाशे रुपये. पूर्वेला राहूनही थोडं पेट्रोल लागेलच, म्हणून बाराशे धरा. भाड्यातला फरक मिळवला तर महिन्याला पाच हजार सातशे, वर्षाला अडुसष्ट हजार. यात वेळ धरलेला नाही. जुळे सोलापूर रुळांच्या पलीकडे असल्यामुळे शहरात यायला ठरावीक पूल आणि बोगदेच आहेत. सकाळी शाळेच्या वेळेला आसरा पुलावर काय गर्दी होते ते एकदा जाऊन बघा. जोराच्या पावसात बोगद्यात पाणी साचलं की सगळा लोंढा उरलेल्या वाटेवर येतो. सहा वर्षांच्या मुलीला रिक्षात वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नये असं आमचं मत आहे. ती शाळेत पोचते तेव्हाच दमलेली असते.

तुमची नोकरी पुणे रोडच्या बाजूला, विद्यापीठाकडे केगावला असती, किंवा यजमानांची त्याच बाजूच्या चिंचोळी एमआयडीसीत असती, तर आम्ही पूर्व भागाचं नावही घेतलं नसतं. आधी कामाची जागा, मग घर.

घर बघायला दिवसा जाऊ नका, निदान फक्त दिवसा नको. चार वेळा जा: सकाळी सात, दुपारी दोन, रात्री साडेदहा, आणि एकदा त्या गल्लीला पाणी सुटतं तेव्हा. पूर्व भागातल्या घराचा खरा शत्रू आवाज. नियमाप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलच्या आत आवाज हवा. चालू यंत्रमागांच्या शेडमध्ये तो ९० च्या आसपास किंवा वर असतो. रात्री साडेदहाला मागच्या खोलीत जा, खिडक्या बंद करा, मोबाइलवरच्या मोजणीच्या ॲपने दोन मिनिटं मोजा. ॲप काही डेसिबलने चुकतं. पण आकडा पन्नासच्या पुढे असेल तर सासूबाईंना झोप लागणार नाही, ते घर सोडा. मग भिंतीला तळहात लावा. शेजारी माग असेल तर आवाज कानाला कमी वाटला तरी भिंतीतली थरथर हाताला कळते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघाल्यात का बघा. पंख्याच्या पात्यांच्या वरच्या बाजूने बोट फिरवा. साधी धूळ करडी आणि सुटी असते. पांढुरकी, चिकटून लोंब्या झालेली असेल तर ती सुताची रुई आहे, आणि ती रोज श्वासात जाणार. मुलीला दम्याचा त्रास असेल तर या एका कारणावरून नकार द्या.

शेजारची शेड बंद दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. मंदीत माग बंद पडतात, तेजीत पुन्हा सुरू होतात, किंवा शेड दुसऱ्याला भाड्याने जाते. दारातले वीजमीटर बघा. थ्री फेजचे मीटर जोडलेले असतील तर शेड झोपलीय, संपलेली नाही. आत माग आहेत का आणि किती, हे कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारा. घरमालकापेक्षा तो खरं सांगेल.

दुसरं पाणी, आणि इथे पूर्व-दक्षिण असा भेद फारसा नाही. सोलापुरात पाणी रोज येत नाही, हे लातूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. किती दिवसांआड येतं ते मालकाला न विचारता वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा, आणि मागच्या मे महिन्यातलं विचारा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरांसाठीचं सरकारी माप आहे. चौघांचे ५४० लिटर. दर पाचव्या दिवशी पाणी धरलं तर २,७००, एक पाळी दिवसभर उशिरा आली तर ३,२४०. म्हणजे दीड मीटर लांब, रुंद आणि खोल असा हौद तुमच्या एकट्याच्या वाट्याला हवा, त्यात सुमारे ३,३७५ लिटर मावतात. ‘हौद आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. तो किती कुटुंबांत वाटलेला आहे ते विचारा. तीन भाडेकरूंत पाच हजारांचा हौद म्हणजे उन्हाळ्यात रोज भांडण. बोअरचं पाणी असेल तर त्याचा गॅस गिझरवर आणि नळांवर साचलेला पांढरा थर बघा. इथल्या खडकातलं पाणी जड असतं, ते वापरायला ठीक, पिण्याला नाही. आणि घर नाल्यालगतचं असेल तर तळमजला नको. मागच्या भिंतीवर गुडघाभर उंचीला ओलाव्याची सरळ रेघ दिसली की तिथे पाणी शिरलंय असं समजा, वरून कितीही रंग दिलेला असो.

संगतीबद्दल. पूर्व भाग म्हणजे एकजात गरीब वस्ती, हे खरं नाही. तिथे कारखानदार आहेत, डॉक्टर आहेत, तीन पिढ्यांचे दुकानदार आहेत, आणि त्याच गल्लीत रोजावर माग चालवणारा कामगार आणि विड्या वळणारी त्याची बायकोही आहे. रात्री दहालाही ओट्यावर माणसं बसलेली असतात. नव्या लेआउटमध्ये दोन घरांमधले चार प्लॉट मोकळे, दिवा बंद, असा रस्ता तुम्हाला शिकवणी संपवून येणाऱ्या मुलीसाठी जास्त सुरक्षित वाटतो का? आम्हाला वाटत नाही. दारू, जुगार, टोळकी यांचा त्रास काही गल्ल्यांत आहे. तसा तो शहराच्या प्रत्येक बाजूच्या काही गल्ल्यांत आहे. म्हणून शहराची बाजू बघू नका, घराच्या दोन्हीकडची शंभर-शंभर पावलं बघा. कोपऱ्यावर काय चालतं, सार्वजनिक नळ किंवा कचऱ्याची जागा कुठे आहे, रात्री कुठल्या दुकानापुढे घोळका जमतो.

मुलगी तेलुगू शिकेल, यात घाबरण्यासारखं काहीच नाही. महापालिकेच्या शाळाच इथे मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या आहेत. वाड्यावाड्यांत मुलं दोन-तीन भाषा बोलत मोठी होतात आणि मराठीही पक्की राहते. सासूबाईंनी शेजारणीला ‘अक्का’ म्हणून हाक मारली की निम्मं परकेपण पहिल्या आठवड्यात जाईल. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा घरात बसू नका. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, तेव्हा जुनं गाव कसं एका फेरीत बांधलेलं आहे ते चालून बघा. या दोन दिवसांत शहराबद्दल जे कळेल ते एजंट वर्षभरात सांगणार नाही.

तुम्हाला शिक्षिका म्हणून एक फायदाही आहे. तुमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या आया विडीवाल्या असतील. त्यांना तयार विड्या कारखान्यात देऊन पान-तंबाखू आणायला जावं लागतं, त्या वेळी ठेवलेल्या पालकसभेला त्या येऊ शकत नाहीत. मग ‘या पालकांना मुलांची काळजी नाही’ असा शेरा पडतो. त्याच गल्लीत राहिलात तर सभा कधी ठेवायची ते कुणाला विचारावं लागणार नाही.

विकत घेताना मात्र हिशेब बदलतो, आणि इथे नणंदबाईंचं थोडं खरं आहे. राहण्यासाठी नावाला किंमत नाही, विकण्यासाठी आहे. दहा वर्षांत बदली होऊन घर विकायची शक्यता असेल तर जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या घराला गिऱ्हाईक लवकर मिळतं. पण दोन्हीकडचे धोके वेगळे आहेत. जुन्या पेठांत घर सामाईक असतं. प्रॉपर्टी कार्डावर वारलेल्या आजोबांचं आणि चार चुलत्यांचं नाव, विकायला आलेला एकटा नातू. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या आणि सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय इसार देऊ नका. नव्या भागात वेगळंच. १९९२ च्या हद्दवाढीत सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर एकदम १७८ च्या पुढे गेलं. आजूबाजूची गावं आत आली, ड्रेनेज आणि रस्ते मागून येत राहिले. तिथे शेतजमिनीचे गुंठ्यांत तुकडे करून विकलेले प्लॉट पुष्कळ. नुसत्या सातबाऱ्यावर आणि नोटरीच्या कागदावर विश्वास ठेवू नका. बिगरशेतीचा आदेश, मंजूर लेआउट, आणि गुंठेवारी असेल तर नियमित केल्याचं प्रमाणपत्र मागा. फ्लॅट असेल तर महारेरा नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्र. होटगी रोडच्या बाजूला विमानतळामुळे इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते, म्हणून वरच्या मजल्याचा फ्लॅट घेताना त्याची परवानगी डोळ्यांनी बघा. घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

नणंदबाईंशी वाद घालू नका. भाडं आणि पेट्रोलचा आकडा कागदावर मांडून दाखवा, आणि घर लावल्यावर पहिल्या रविवारी त्यांनाच जेवायला बोलवा.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवलेलाच हवा. कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे, ‘नोटरी पुरे’ म्हणाला तर ऐकू नका. करारात तीन गोष्टी लिहून घ्या. एक, हौदातला तुमचा वाटा लिटरमध्ये. दोन, शेजारच्या किंवा खालच्या जागेत मालकाने माग सुरू केले किंवा जागा त्यासाठी भाड्याने दिली तर एक महिन्याच्या सूचनेवर, अनामत न कापता तुम्हाला घर सोडता येईल. तीन, घरात काय शिजवता येईल यावर मालकाची काही अट असेल तर ती आधीच कळावी. हा प्रश्न टोकन देण्यापूर्वी स्पष्ट विचारा, कारण सामान उतरवताना यावरून झालेली भांडणं या शहरात दोन्ही बाजूंना होतात. अनामत चेकने किंवा बँकेतून द्या, आणि वीजमीटरच्या आकड्याचा फोटो चावी घेतानाच काढून मालकाला पाठवा.